राणीचं तोंड कुणी पुसलं?

उंब्रजच्या अलीकडं ओढ्याकाठी नाथाजी महाराजाचा मठ होता. त्या मंगळवारी मठासमोर सकाळी नऊपासून माणसांची रांग लागली होती. रांग देवाच्या दर्शनाची नव्हती, एका फोटोच्या दर्शनाची होती. फोटो पोस्टकार्डाएवढा. महाराजानं तो चौकटीत बसवून, झेंडूचा हार घालून, मंडपाच्या मधल्या खांबाला टांगला होता. फोटोत कमरेपासून वर एक मुलगी. काळेभोर केस होते, निळी साडी विटून आकाशी झाली होती, मागं लांबवर ओसरीची भिंत आणि भिंतीवरचा कंदील अगदी स्वच्छ होता. फक्त मुलीला तोंड नव्हतं. नाक नाही, डोळे नाहीत, ओठ नाहीत. केसांच्या मधोमध नुसता पांढरा चुना.

बाया तो फोटो बघायच्या, गालात मारून घ्यायच्या आणि पोराबाळांना पदराआड ओढायच्या. गडी माणसं तोंडातली तंबाखू थुंकून यायची आणि मग बघायची. एकानं विचारलं, "ही कुणाची रं गड्या?" दुसरा म्हणाला, "धुळाची. वस्तीवरच्या धुळा धनगराची राणी."

तो फोटो मी काढला होता.

माझं नाव प्रबुद्ध. कराडजवळ मलकापुरात हायवेला लागून माझा फोटो स्टुडिओ आहे. माझ्या आजोबांनी धर्म बदलल्यावर घरातले देवांचे टाक स्वतःच्या हातानं कृष्णेत सोडले. तेव्हा बुवाबाजी ऐकली की माझं डोकं फिरतं, हे आमच्या घरात वारशानंच आलंय. पण त्या मंगळवारी मी रांगेच्या कडेला गप उभा होतो. तोंड उघडायची सोय राहिली नव्हती.

मधल्या खांबाशेजारी महाराज उभा राहून बोलत होता. चाळिशीचा, तेल लावलेली दाढी, आवाज मात्र खणखणीत.

"येक फोटू काढला, तोंड न्हाई! दुसरा काढला, तोंड न्हाई! तिसरा माझ्या म्होरं काढला, समद्या गावाच्या म्होरं काढला, तोंड न्हाई! आन कॅमेरा हाय तो, लेकरांनू! सायन्सचा डोळा हाय! माणूस खोटं बोलंल, सायन्स खोटं बोलतंय का?"

"न्हाई, न्हाई," रांग म्हणाली.

"पोरीचं रूप वढ्याकडंला बसलेलीनं नेलंय. आता येत्या आमावास्येला तिला हितं देवीआईच्या पायाशी सोडायची. येकवीस दिवस. तोंडावर पदर, घरच्यांची भेट न्हाई, कुणाशी बोलणं न्हाई. मग बगा, आई रूप परत देती का न्हाई."

माझ्या फ्लॅशला उभ्या आयुष्यात एवढा मान मिळाला नव्हता. सायन्सचा डोळा म्हणे!

गेल्या वर्षी अशीच एक मुलगी या मठात राहून घरी आली होती. नंतर महिन्याभरात तिच्या घरच्यांनी गाव सोडलं. का सोडलं ते कुणीच बोलत नव्हतं, आणि कुणीच बोलत नव्हतं यावरूनच मला काय ते कळत होतं. आता राणीची पाळी होती. अमावास्येला आठ दिवस उरले होते.

हे सगळं झालं कसं, ते सांगतो.

धुळाचं मूळ माण तालुक्यातलं. बापाच्या काळात मेंढरं घेऊन इकडं आले आणि पाण्याच्या आशेनं उंब्रजजवळ राहिले. आता मेंढरं थोडी आणि शेतीच जास्त. त्याची बायको धोंडुबाई, आणि एकुलती एक राणी, बारावी झालेली. नव्व्याण्णव साल नुकतंच लागलं होतं. राणीला आटपाडीकडचं स्थळ आलं. मुलाचं नाव दिग्विजय, फौजेत जवान. मुलाचे आईबाप येऊन बघून गेले, पोरगी पसंत पडली. पण मुलगा सरहद्दीवर, त्याला रजा नाही. त्याचं पत्र आलं की मुलीचा घरातलाच, साधा, जवळून काढलेला फोटो पाठवा. स्टुडिओतला रंगीत पडद्यासमोरचा नको.

म्हणून मी कॅमेरा आणि फ्लॅश घेऊन वस्तीवर गेलो. स्टुडिओत मोठे दिवे असतात, हा फ्लॅश फक्त बाहेरच्या कामाला. राणीला ओसरीच्या दारात उभं केलं. मुलीच्या लग्नाचा फोटो, म्हणून मी जिवाचा आटापिटा केला. चार फुटांवर उभा राहिलो. फ्लॅशच्या पाठीवर एक बारका दिवा असतो, तो पेटला म्हणजे फ्लॅश पूर्ण भरला. प्रत्येक फोटोआधी तो दिवा पेटेपर्यंत थांबलो. तीन फोटो काढले. उरलेलं रीळ दुसऱ्या दिवशी कराडला एका लग्नात संपवलं. तिथं नेहमीची धावपळ. वऱ्हाडी ओढताहेत, मामा ओरडतोय, दिवा बघायला सवड कुणाला.

रीळ धुऊन आलं. लग्नातले सगळे फोटो झक्क आणि राणीचे तिन्ही पांढरे.

आता मी काय करायला हवं होतं? "वैनी, माझं मशीन बिघडलंय, का बिघडलंय ते मला कळत नाही," असं म्हणायला हवं होतं. एवढंच. पण माझा धंदा, माझं नाव, भिंतीवरच्या माझ्या पाट्या! मी म्हणालो, "लॅबवाल्यानं घोळ केला, परत काढतो." पुन्हा गेलो, पुन्हा काढले, आणखी काळजीनं काढले. पुन्हा पांढरे. धुळानं ते माझ्या हातातून घेतले आणि उन्हात उलटसुलट करून बघितले.

"पैल्यांदा लॅबवाला चुकला," तो म्हणाला. "आता कोण चुकलं?"

त्यातला एक फोटो खिशात घालून धुळा गेला आणि तिसऱ्या दिवशी तो फोटो नाथाजीच्या हातात होता.

महाराजानं मला बोलावणं धाडलं. गावासमोर राणीचा जवळून फोटो काढायला लावला. त्याच रिळात त्याचा स्वतःचा, मंडपाचा आणि भक्तांचा, लांबून. धुऊन आल्यावर महाराज झकास, भक्त झकास, मंडपाची झालरसुद्धा मोजून घ्यावी अशी. राणी पांढरी.

तेव्हा मात्र मी ओरडलो. "अहो, दोष माझ्या मशीनचा आहे! फ्लॅश बिघडलाय!"

महाराज शांतपणे म्हणाला, "आसं? मग त्याच रिळात माझा फोटू कसा आला, बाळा?"

मी हातातला कॅमेरा उलटसुलट करून बघत राहिलो. लोक हसले, आणि त्या दिवसापासून राणीचा फोटो खांबाला लागला.

पुढं मी काय काय केलं ते सांगायला बसलो तर लाज वाटते. सेल बदलले, तेही दोनदा. फ्लॅश कॅमेऱ्यावर बसतो तिथली पितळी टोकं खोडरबरानं घासून लख्ख केली. वायर बदलली. शेवटी एसटीनं सांगली गाठली. तिथल्या दुरुस्तीवाल्यानं फ्लॅश हातात घेतला, दुकानाच्या पलीकडच्या भिंतीवर दोन वेळा मारला, आणि म्हणाला, "ठणठणीत आहे की. उगाच आलाय तुम्ही." दारातून बाहेर पडलो आणि रस्त्यातच फ्लॅश आपटावासा वाटला. मशीन ठणठणीत. मग मुलीचं तोंड जातं कुठं? देवाशपथ म्हणायची मला सवय नाही, पण खरं सांगतो, एसटीत बसल्या बसल्या एकदा माझ्याही मनात येऊन गेलं, काही असेल का? इतका मी खचलो होतो.

त्या मंगळवारी मठातून निघालो तो सरळ धुळाच्या वस्तीवर गेलो. धुळा मेंढरांना पाला टाकत होता.

"धुळाभाऊ, पोरीला तिथं सोडू नका. हात जोडतो."

"प्रबुद्धभाऊ," तो माझ्याकडं न बघताच म्हणाला, "मशीन बिघडलंय म्हंता. मग दुरुस्त करून दावा की. आमी कुठं नगं म्हनतो?"

"सांगलीवाला म्हणतो काही बिघडलं नाही."

"आता कसं! मग आमी काय करावं, तुमीच सांगा."

दारात राणी उभी होती. महाराजाच्या हुकमानं घरातला आरसा महिन्याभरापूर्वी काढून पेटीत ठेवला होता आणि तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढला होता. पदराआडून ती हळूच म्हणाली, "काका, माझं तोंड हाय न्हवं जाग्यावर?"

"अगं, आहे की! काय हे विचारणं?"

"मग फोटूत का येत न्हाई?"

अठरा वर्षांची, बारावी पास पोरगी मला असं विचारत होती. घरात चुलीपुढं धोंडुबाई बसली होती. तिनं मान वर केली नाही.

माझ्या आत्याची मुलगी माया कराडला इंजिनीअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. रविवारी ती स्टुडिओत आली ती एक काळी पेटी घेऊनच. "दादा, आमच्या विभागानं हा कॅमेरा मागवलाय. डिजिटल. यात रीळ नसतं."

"रीळ नसतं, मग फोटो कशावर उठतो? माझ्या डोक्यावर?"

"मागच्या काचेवर दिसतो. लगेच. पटला नाही तर पुसायचा आणि दुसरा काढायचा."

"किती वेळा?"

"सेल संपेपर्यंत."

मी डोक्याला हात लावला. आमची हयात छत्तीस फोटो जपून वापरण्यात गेली, आणि आज काढलेली चूक चार दिवसांनी कळायची. चूक कळेपर्यंत ती कशी केली तेच विसरलेलं असायचं. मायाला मी सगळं सांगितलं. राणीचं, मठाचं, सांगलीचं. अमावास्या मंगळवारी होती, म्हणजे मध्ये फक्त सोमवार उरला होता. ऐकता ऐकता तिचा चेहरा लाल झाला, पण ती महाराजाला शिव्या देत बसली नाही. म्हणाली, "तुझा फ्लॅश दे. याच्या डोक्यावर बसतो का बघू. आणि स्टुलावर बस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दुसरं काही हलवायचं नाही."

चार फुटांवरून तिनं माझा फोटो काढला. काचेवर बघितलं तर शर्ट होता, केस होते आणि तोंडाच्या जागी चुना.

"अरे बापरे," मी म्हणालो. "मलाबी लागली काय ती ओढ्याकडची?"

"गप बस." ती बारा फुटांवर गेली. माझं तोंड परत आलं. पुन्हा चार फुटांवर आली, तोंड गेलं. मग तिनं एक फोटो काढला आणि लगेच, फ्लॅशचा दिवा पेटायची वाट न बघता, दुसरा काढला. दुसऱ्यात मी अगदी जसाच्या तसा होतो, कपाळावरच्या आठ्यांसकट.

"घाई केली की बरा येतो," ती पुटपुटली. "थांबून, नीट काढला की जळतो."

मी स्टुलावरून उठलोच. लग्नातल्या धांदलीत काढलेले फोटो चांगले का यायचे आणि राणीचे एवढे जपून काढलेले का जायचे, ते मला त्या क्षणी लख्ख कळलं. जितकी काळजी घेतली तितका घोटाळा केला होता मी! घाईत फ्लॅश अर्धवट भरलेला असायचा, म्हणून थोडाच उजेड पडायचा. थांबलं की पूर्ण भरायचा आणि सगळाच्या सगळा ओतायचा. लांबच्या घोळक्याला, महाराजाच्या मंडपाला आणि सांगलीच्या भिंतीला तो पुरता उजेड बरोबर बसायचा. चार फुटांवरच्या पोरीचं तोंड मात्र धुऊन निघायचं.

"पण तो सगळा ओततो का?" माया म्हणाली. "या फ्लॅशला डोळा आहे ना?"

आहे. फ्लॅशच्या पुढच्या बाजूला मसुरीच्या डाळीएवढी एक काळपट तांबडी काच असते, खोल खाचेत बसवलेली. तो त्याचा डोळा. उजेड माणसावर पडून परत येतो, तो या डोळ्याला दिसतो. पुरेसा आला की डोळा म्हणतो, बस कर, आणि फ्लॅश तिथंच तुटतो. जवळच्याला चिमूटभर उजेड, लांबच्याला ओंजळभर. सगळी खुबी त्या डोळ्याची.

मायानं आपलं बोट त्या डोळ्यावर घट्ट दाबलं आणि फोटो काढला. पांढरा. बोट काढलं आणि पुन्हा काढला. तसाच पांढरा. तिनं दोन्ही फोटो मला दाखवले आणि माझ्याकडं बघत राहिली.

"दादा, डोळा झाकला काय, उघडा ठेवला काय, फरक पडत नाही. म्हणजे?"

"म्हणजे डोळा आधीच झाकलेला आहे," मी म्हणालो, आणि टेबलाच्या खणातून सुई काढली.

सुईच्या टोकानं खाचेत खरवडलं. तांबडी पूड पडली. पांढऱ्या कागदावर झाडली तर चांगली चिमूटभर. काच आणि पूड एकाच रंगाची, म्हणून मला महिना-दीड महिना दिसलीच नव्हती. मायानं बोटाला लावून वास घेतला.

"कुंकू?"

कुंकूच होतं. आमच्या घरात यंत्राला कुंकू लावायची रीत नाही. पण वस्तीवर पहिल्यांदा गेलो तेव्हा चहा पिऊन परत येतो तर कॅमेऱ्याच्या माथ्यावर कुंकवाचं बोट लावलेलं होतं. धोंडुबाईनं हौसेनं लावलं होतं. माझ्यासारख्याच्या यंत्राला त्या बाईनं कुंकू लावलं, मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. वरचं रुमालानं पुसून टाकलं आणि विसरलो. प्रत्येक वेळी ती लावायची. फ्लॅशलाही लावलं असेल, तेही बरोबर डोळ्यात, हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही.

काच साफ केली. चार फुटांवरून फोटो काढला, दिवा पेटेपर्यंत थांबून. आलो की मी! मायानं टाळी वाजवली आणि मी लहान पोरासारखा ओरडलो. सोमवारी वस्तीवर गेलो तर दाराला कुलूप. महाराजानं सगळ्यांना अमावास्येच्या आदल्या दिवशीच मठात बोलावून घेतलं होतं.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं स्कूटरवरून मठात पोचलो तेव्हा मंडप भरला होता. राणी खांबाखाली बसली होती, पदर पार छातीपर्यंत. धुळाच्या काखेत तिच्या कपड्यांचं गाठोडं. धोंडुबाई बाजूला. मी एका दमात सगळं सांगितलं. डोळा, कुंकू, घाई, अंतर. लोकांच्या तोंडावरची माशी हलली नाही. महाराजानं डोळे मिटून ऐकलं.

माया पुढं झाली. "महाराज, तुमच्यासमोरच काढू एक फोटो. ह्या कॅमेऱ्यात लगेच दिसतो."

"काढ की, लेकी. चौथा काढ. शंभर काढ!" त्याला आपली खात्री होती.

राणीनं पदर बाजूला केला. महिन्याभरात चेहरा उतरला होता. मायानं चार फुटांवरून, दिव्याची वाट बघून फोटो काढला आणि कॅमेरा फिरवला. काचेवर राणी होती. नाक, डोळे, ओठ, गालावरचा तीळ. राणीनं ते बघितलं आणि रडायलाच लागली. माणसं एकमेकांवर पडून बघू लागली.

मी छाती पुढं काढून महाराजाकडं वळलो. पण महाराजाचे दोन्ही हात वर होते आणि आवाज मंडपाला भिडला होता.

"बगा! बगा रं! आजून पोरीनं मठात येक रात काढली न काढली, तवर रूप परत आलं! येका रातीत! येकवीस दिवस ऱ्हायली तर काय व्हईल?"

"आईच्या नावानं चांगभलं!" मंडप गरजला. भंडारा उधळला गेला. माझ्या डोक्यावर, मायाच्या, त्या कॅमेऱ्यावर. मी आणलेला पुरावा त्यानं माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या गळ्यात हारासारखा घातला होता.

मायानं कॅमेरा पदरानं पुसला. ओठ दाबले. मग महाराजाच्याच ताटातलं कुंकू बोटावर घेतलं आणि सगळ्यांना दिसेल असं फ्लॅशच्या डोळ्यात भरलं.

"महाराज, आता तुमचा. तेवढ्याच अंतरावरून."

महाराज जरा चुळबुळला. पण भक्तच म्हणाले, "बसा की महाराज, काय व्हतंय!" बसावं लागलं. फ्लॅश उडाला. काचेवर दाढी होती, माळा होत्या. तोंड नव्हतं.

पुढची माणसं माना लांबवून बघू लागली. मला वाटलं, आता सुटलो. आता कळेल.

महाराजानं काचेत बघितलं, घसा खाकरला आणि हसला.

"तेज," तो म्हणाला. "माझं तेज हाय ते, लेकरांनू. मशिनला पेललं न्हाई."

"चांगभलं!"

मी मायाकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कॉलेजात चाळीस-चाळीस पोरांना गप करणारी बाई, पण तिथं तिचेही हात टेकले. या माणसाला कशानंच हरवता येत नव्हतं. तोंड आलं तरी त्याची करणी, तोंड गेलं तरी त्याचीच. आम्ही काहीही दाखवलं असतं तरी त्यानं तेच म्हटलं असतं. धुळानं गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं आणि राणीला म्हणाला, "चल, आत चल."

"थांबा जरा," धोंडुबाई म्हणाली.

त्या दीड महिन्यात मी तिचा आवाज ऐकलाच नव्हता. ती उठून मायाजवळ आली. "बाई, दोन्ही फोटू दावता का मला? येका म्होरं येक."

मायानं दाखवले. पहिल्यांदा खांबावरच्या चौकटीतली राणी, मग काचेवरचा महाराज. धोंडुबाई बराच वेळ आळीपाळीनं बघत राहिली.

"महाराज, तुमचंबी तोंड गेलंय की."

"तेज हाय ते, बाई."

"आन माझ्या पोरीचं गेलं तवा ते भूत हुतं. का वो? सारकंच पांढरं हाय की. तुमचं गेलं तर तेज आन तिचं गेलं तर भूत, आसं कसं?"

कुणीतरी मागं फस्सकन हसलं. महाराज पहिल्यांदाच गडबडला.

"गप बस! वाद घालू नगंस! आईचा कोप व्हईल!"

"तिची आई मी हाय," धोंडुबाई म्हणाली. "माझा न्हाई कोप."

मग ती लोकांकडं वळली आणि उजव्या हाताचं बोट वर केलं. "कुंकू मी लावलं. ह्या बोटानं. पोरीचा फोटू चांगला यावा, फौजेतल्या पोराला पसंत पडावी, म्हनून मशिनच्या कपाळाला लावलं. कपाळ कुठलं ते मला कसं कळावं? येक डोळा दिसला, तितंच लावलं. तिन्ही येळंला लावलं. वढ्याकडचं कुणी न्हाई आलं. माझ्या पोरीचं तोंड मीच पुसलं वो!" आणि ते बोट तिनं दुसऱ्या हातात आवळून धरलं, मोडायचं असल्यासारखं, आणि मोठ्यानं रडली.

राणी उठून तिच्याजवळ गेली. धुळा तसाच उभा होता, एकदा महाराजाकडं आणि एकदा बायकोकडं बघत. धोंडुबाईनं त्याच्या काखेतलं गाठोडं ओढून घेतलं आणि पोरीचा हात धरून मंडपाबाहेर चालू लागली. थोड्या वेळानं धुळाही निघाला, मान खाली घालून.

पुढं सगळे लोक शहाणे झाले, महाराज पळून गेला, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. दहा-बारा माणसं आमच्याबरोबर उठली. बाकीची बसून राहिली. "पोरीच्या दुःखानं बाईचं डोकं फिरलंय," असं एक म्हातारी म्हणाली, आणि पाच मिनिटांत महाराजाचा आवाज पुन्हा खणखणीत झाला. मी खांबावरचा फोटो काढायला गेलो तर चौघांनी हात धरले. तो फोटो पुढं दोन वर्षं तिथंच होता. माझ्या हातचा, माझ्याच फ्लॅशनं जाळलेला. आटपाडीवाल्यांच्या कानावर भुताची गोष्ट आधीच गेली होती. त्यांनी दुसरीकडं सोयरीक जमवली. नंतर मी राणीला म्हटलं, चल, तुझा एक चांगला फोटो काढून देतो. ती म्हणाली, "नगं काका. ज्याला बगायचंय त्यानं हितं यून बगावं." तिनं डी.एड.चा फॉर्म भरला, त्यावर चिकटवायला तेवढा काढला.

मठाबाहेर, ओढ्याच्या पुलावर, धोंडुबाई माझ्यासाठी थांबली होती. डोळे सुजलेले. मला वाटलं, आभार मानेल.

"भाऊ, मशीन बिघडलंय ते तुमाला कवा कळलं?"

"पहिल्याच रिळाला, वैनी."

"आन लॅबवाला चुकला म्हनला ते?"

"खोटं होतं."

"पैल्याच दिशी खरं बोलला आसता तर आमी दुसऱ्याकडनं फोटू काढला आसता. महाराजाकडं कशाला गेलो आसतो?"

ती दोन पावलं गेली, पुन्हा वळली आणि म्हणाली, "मला काय ठावं न्हवतं, मी अडाणी. तुमाला ठावं हुतं."

बाबाबुवांना शिव्या घालणारं माझं तोंड त्या दिवसापासून जरा जपून चालतं. त्यांना शिव्या घालाव्यातच, त्यात काही चुकत नाही. पण नाथाजीला भूत मी पुरवलं होतं. ते "लॅबवाल्यानं घोळ केला" या पाच सेकंदांच्या थापेत जन्मलं. म्हणून वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. उद्या कुणी चमत्कार सांगू लागला तर धोंडुबाईसारखं दोन्ही फोटो शेजारी धरून विचारा की ह्याला एक आणि त्याला दुसरं का. आणि तुमचं यंत्र बिघडलं, औषध लागू पडलं नाही, हिशेब जुळला नाही, तर "का ते मला माहीत नाही" हे पहिल्याच दिवशी बोला. लाज वाटते, मलाही वाटली होती. पण आपण ते बोललो नाही, की कुणाच्या तरी राणीला आरशावाचून दिवस काढावे लागतात.